वहिनीच्या डब्यातली निळी पट्टी

पट्टी निळी होती, यावर सगळ्यांचं एकमत होतं. सकाळी नऊपासून दुपारी एकपर्यंत स्वयंपाकघरातल्या सरकारी कॅमेऱ्याने दर दहा मिनिटांनी काढलेली तिची पंचवीस छायाचित्रं सरकारी नोंदीत होती, आणि पंचवीसही छायाचित्रांत ती स्वच्छ निळी होती. निळी म्हणजे ताजा मासा, पिवळी म्हणजे टाकून द्या. तीन वर्षांत शाळेतली पोरंसुद्धा हे पाठ करून बसली होती.

तरीही २०३९च्या मार्चमधल्या एका रविवारी वेंगुर्ल्याच्या त्या खानावळीत ज्या तेवीस जणांनी तळलेला बांगडा खाल्ला, ते तेवीसही जण तासाभरात आजारी पडले. तोंडं लालबुंद, अंगावर गांधी, डोकं ठणकतंय, छातीत धडधड. ज्यांनी सुंगटांचं तिखलं, म्हणजे कोळंबीचं तिखट कालवण, खाल्लं ते ठणठणीत होते. कोणी दगावलं नाही. कुडाळचे एक वयस्कर गृहस्थ नऊ दिवस अतिदक्षता विभागात राहिले आणि चालत घरी गेले.

मासा खराब आणि पट्टी निळी, म्हणजे पट्टी दुसऱ्याच डब्यावरची. अन्न निरीक्षकांनी हा निष्कर्ष काढायला फार वेळ घेतला नाही. लबाडी नवी नव्हती. कॅमेऱ्याला फक्त पट्टी दिसते, खालचा मासा दिसत नाही. एका शहरात तर एका हॉटेलवाल्याने वर्षभर पट्टी ओल्या खोबऱ्याच्या डब्यावर चिकटवून ठेवली होती. अशा लबाडीला कायद्यात परवाना रद्द आणि दोन वर्षांची कैद होती.

ती पट्टी ज्या रेणूमुळे चमकते तो रेणू मी तयार केला आहे. आणि ती खानावळ माझ्या वहिनीची आहे.

वहिनी, म्हणजे सुचिता गिरप, लग्न होऊन घरात आली तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो. आई आधीच गेली होती. दादा बोटीवर असायचा, वर्षातून दोन महिने घरी. माझ्या डोक्याला तेल लावण्यापासून माझी प्रगतिपुस्तकं लपवण्यापर्यंत सगळं तिने केलं. कोकणात दिराला भावजी म्हणतात, अहोजाहो करतात. तिला ते कधी जमलं नाही. मी डॉक्टरेट घेऊन आलो तेव्हाही ती अंगणातून ओरडली होती, "मुकुंदा, पायांका चिखल हा, भायर धू." दादा गेल्यावर तिने पुढच्या पडवीत चार टेबलं टाकली आणि 'घरगुती जेवण' असा फलक लावला. पाच वर्षांत पणजीची माणसं रविवारी गाडी काढून जेवायला येऊ लागली.

आता पट्टीबद्दल. मासा मेल्यावर जिवाणू त्याचं मांस फोडू लागतात आणि त्यातून अमाइन नावाची संयुगं तयार होतात. शिळ्या माशाचा वास म्हणतो तो बहुतेक यांचाच. अमाइनला एका गोष्टीची भारी भूक असते, प्रोटॉनची. दिसेल त्याच्याकडून ते प्रोटॉन ओढून घेतं. आमच्या रेणूकडे सहज सोडता येईल असा एक प्रोटॉन आहे. तो जवळ असेपर्यंत उजेडातल्या जांभळ्या किरणांनी रेणू निळा चमकतो. अमाइनने तो पळवला की रेणूतल्या इलेक्ट्रॉनांची मांडणी बदलते आणि चमक पिवळी होते. अमाइन हवेत उडतं, म्हणून पट्टीने माशाला शिवायचीही गरज नाही. डब्याच्या पारदर्शक झाकणाला आतून लावा आणि विसरून जा. माणसाच्या नाकाला वास येण्याच्या कितीतरी आधी ती पिवळी पडते.

बांगड्याच्या बाबतीत एक जास्तीची भानगड आहे. तो काही तास उन्हात राहिला तर त्यात हिस्टामिन नावाचं अमाइन साठतं. मासा दिसायला चांगला असतो, वासही फारसा येत नाही. तळा, उकळा, हिस्टामिन तसंच राहतं, आणि खाणाऱ्याच्या अंगावर पित्त उठल्यासारखं होतं. हिस्टामिन हवेत उडत नाही. पण ते एकटंही तयार होत नाही. त्याच्यासोबत तयार होणारी हलकी अमाइनं उडतात, आणि पट्टी त्यांना पकडते. आमच्या पुण्याच्या प्रयोगशाळेत अकरा जातींचे मासे आणि सहा हजार नोंदी घेऊन आम्ही हे सिद्ध केलं होतं. मासा आणायचा, धुवायचा, कापायचा, काचेच्या डब्यात ठेवायचा. सहा हजार वेळा.

वहिनीची पद्धत वेगळी होती. बांगडे घेताना ती काट्याजवळचा एक कण नखाने काढायची, खालच्या ओठाला आतून लावायची आणि मनात वीस आकडे मोजायची. ओठ चुरचुरला तर टोपली परत. मग चूळ भरायची. हे तिला तिच्या आईने शिकवलं होतं. बंदरावरच्या मासेवाल्या तिला टरकून असत.

प्रत्येक खानावळीत पट्टी सक्तीची करणारा कायदा आला त्या वर्षी मीच तिच्याकडे पट्ट्या घेऊन गेलो. निरीक्षकांच्या पहिल्या शेऱ्यात 'कच्चा मासा तोंडास लावण्याची अस्वच्छ पद्धत' असं लिहिलं होतं, आणि मला ते वाचून लाज वाटली होती. खरं सांगायचं तर वहिनीची लाज वाटली होती.

"वहिनी, लोकांच्या समोर मासो ओठाक लावतंस, बरा दिसता काय?" मी म्हणालो. "पणजीची माणसा येतत. उष्ट्याचा म्हणतीत."

"ह्या कागदाक कळता आणि माझ्या ओठाक कळणा नाय?"

"कागदाक तुझ्यापेक्षा आधी कळता."

तिने पट्टी उलटसुलट करून बघितली. शिकलेल्या दिरावर तिचा विश्वास होता, त्यापुढे ओठाचं काय एवढं. पण तिने एक प्रश्न विचारला. "मी मासो साफ केल्यार लगेच आगळ-मीठ लावतंय आणि मगे डब्यात घालतंय. आगळ लावलेलो चालात मा?"

आगळ म्हणजे रातांब्यांचा, कोकमाच्या फळांचा, मीठ घातलेला रस. आमच्याकडे मासा धुतला की पहिला हात आगळाचा. त्याशिवाय मासा शिजवायला घेणं म्हणजे अंघोळ न करता पूजेला बसणं.

"चालात," मी म्हणालो.

तपासून न बघता म्हणालो. त्या वेळी मला तो प्रश्नच वाटला नव्हता, बाईमाणसाची शंका वाटली होती.

विषबाधेनंतर चौथ्या दिवशी डब्यात उरलेल्या कच्च्या बांगड्यांचे गोठवलेले नमुने पुण्यात आले. मी नात्याचं आधीच सांगितलं होतं. आमच्या संशोधन प्रमुख निवेदिता आपटे म्हणाल्या, "मला माहीत आहे. पण जिल्ह्याने तज्ज्ञ म्हणून तुमचंच नाव मागितलंय. शेजारी कुलकर्णीला बसवते, दोघांच्या सह्या होतील." निवेदिताबाई सरळ बाई. या गोष्टीत त्यांना खलनायिका करण्याचा माझा विचार नाही.

यंत्राने आकडा दिला. किलोमागे आठशे चाळीस मिलिग्रॅम हिस्टामिन. दोनशेच्या वर मासा टाकायचा असतो. बंदरावरूनही माहिती आली. बॅटरीवरची एक होडी त्या शनिवारी भर दुपारी चार तास बंद पडली होती, बर्फ वितळला होता, किनाऱ्याला लागल्यावर मासळीवर नवा बर्फ टाकून ती रविवारी पहाटे विकली गेली. वहिनीने त्यातलेच बांगडे घेतले होते. म्हणजे मासा खराब कसा झाला ते कळलं. पट्टी निळी कशी राहिली एवढंच उरलं.

मी टेबलाशी बसून विचार केला. माझ्यापुढे दोन शक्यता होत्या. एक, सहा हजार नोंदी चुकल्या. दोन, वहिनीने रविवारची गर्दी बघून, पिवळी पडत आलेली पट्टी काढून दुसरी लावली. मी शास्त्रज्ञ आहे. ज्या शक्यतेला पुरावा जास्त तिच्याकडे झुकायची सवय आहे. मी फोन लावला.

"वहिनी, एक विचारतंय. राग मानू नको. पट्टी बदललंस काय?"

पलीकडून विहिरीच्या पंपाचा आवाज येत होता.

"भावजी," ती म्हणाली, "तुमी जेवलात?"

"होय."

"मगे बरा." आणि तिने फोन ठेवला.

तेहतीस वर्षांत ती मला पहिल्यांदा भावजी म्हणाली होती. मी खिडकीशी जाऊन उभा राहिलो. मला रडू आलं, आणि ते तिच्यासाठी होतं की पट्टीसाठी, हे मला सांगता आलं नसतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी अहवालाचा नमुना भरताना एक रकाना रिकामा राहिलेला दिसला: 'नमुन्यावर पट्टीची प्रत्यक्ष चाचणी'. आम्ही ती केलीच नव्हती. यंत्राने आठशे चाळीस सांगितल्यावर त्या माशावर पट्टी लावून बघणं म्हणजे भिजलेल्या माणसाला पाऊस पडतोय का विचारणं. रकाना भरायचा म्हणून कुलकर्णीने बांगड्याचा तुकडा डब्यात ठेवला, झाकणाला नवी पट्टी लावली आणि चहाला गेला.

परत आला तेव्हा पट्टी निळी होती.

दुसरी लावली. निळी. वेगळ्या खोक्यातली लावली. निळी. कुलकर्णी म्हणाला, "सर, हे अख्खं उत्पादन बाद आहे." मी रस्त्याच्या कडेच्या बाजारातून साधा शिळा बोंबील मागवला. दोन मिनिटांत पट्टी हळदीसारखी पिवळी झाली.

मग मी तो तुकडा ताटलीत घेऊन उजेडात धरला. मांसावर जांभळट लाल छटा होती. चार दिवस मी ती बघत होतो. रक्त असेल असं धरून चाललो होतो. मी ताटली नाकाशी नेली आणि मला आमचं स्वयंपाकघर आठवलं. आगळ.

उत्तर शाळेतल्या मुलाला कळेल इतकं सोपं होतं. रातांब्याचा रस आंबट, म्हणजे आम्ल, म्हणजे प्रोटॉनांचं कोठार. माशातल्या भुकेल्या अमाइनला आगळाने जागेवरच पोटभर प्रोटॉन दिला होता. पोट भरलेलं अमाइन क्षार होऊन मांसातच बसून राहतं, ते उडत नाही. पट्टी वर झाकणाला ताटकळत राहते, आणि तिच्याकडे कोणी येतच नाही. हलकी अमाइनं अशी खाली बांधली गेली, आणि हिस्टामिन मुळातच उडणारं नव्हतं. पट्टीच्या दृष्टीने त्या डब्यात काहीही घडलं नव्हतं.

खात्रीसाठी मी उलटं करून बघितलं. तुकड्यावर अल्कलीचा एक थेंब टाकला. अल्कलीने आम्ल मारलं, अमाइनचा प्रोटॉन काढून घेतला, अमाइन पुन्हा भुकेलं होऊन उडालं. चाळीस सेकंदांत पट्टी पिवळी.

कुलकर्णी डोळे विस्फारून बघत होता. "पण सर, मासा आंबट लावून कोण ठेवतं?"

"वेंगुर्ल्यापासून गोव्यापर्यंत सगळे," मी म्हणालो. "पुढे चिंच लावतात, लिंबू लावतात. उत्तरेत दही."

तो पुण्याचा. त्याला माहीत नसणं ठीक होतं. मी त्या पडवीत वाढलो होतो, आणि सहा हजार वेळांत एकदाही मला आगळ आठवलं नव्हतं. प्रयोगशाळेत शिरताना चपला काढतो तसं मी ते दाराबाहेर काढून ठेवलं होतं. आणि तिने विचारलं होतं, स्पष्ट शब्दांत. तिच्या त्या एका प्रश्नात माझ्या सगळ्या नोंदींपेक्षा जास्त विज्ञान होतं.

कुलकर्णी नोंदी टंकायला गेल्यावर मी एक गोष्ट केली जी कुठल्याही अहवालात नाही. काट्याजवळचा एक कण नखाने काढला, खालच्या ओठाला आतून लावला आणि मोजू लागलो. बारापर्यंत काही नाही. तेराव्या आकड्याला कच्च्या सुरणासारखी खाज आली, अठराव्याला ओठ चांगलाच चुरचुरला. मी चूळ भरली. मग वहिनीला फोन केला.

"वहिनी, पट्टीचीच चूक हा. आगळ लावलेलो तिका कळणा नाय."

"माका म्हायत होता," ती म्हणाली. "माझी चूक नाय ह्या म्हायत होता. ता आता तुमच्या सायबांका सांगा, भावजी."

निवेदिताबाईंनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं. त्यांनी स्वतः थेंब टाकून पट्टी पिवळी होताना बघितली. मग दार लावलं.

"पट्टी आली तेव्हापासून देशात अन्नविषबाधा किती घटल्या?"

"एकतीस टक्के."

"त्यात मेली असती अशी माणसं आहेत, गिरप. लहान मुलं आहेत. आपण उद्या म्हणालो की आंबट लावलेल्या अन्नावर पट्टी आंधळी आहे, तर परवा न्यायालय स्वयंपाकघरांचा कायदा स्थगित करेल. लोक चांगल्या ठिकाणीही पट्टी फेकून देतील." त्यांनी चष्मा काढला. "मी खोटं लिहा म्हणत नाही. सूचनापत्रकात एक ओळ वाढवू: पट्टी आंबट लावण्यापूर्वीच वापरावी. आणि या प्रकरणात लिहू की उपलब्ध नमुन्यांवरून निश्चित निष्कर्ष काढता येत नाही. तुमच्या वहिनींना संशयाचा फायदा मिळेल. तुरुंग नाही, दंड नाही."

"आणि खानावळ?"

"ते लोकांवर आहे."

लोकांवर काय आहे ते मला माहीत होतं. गेल्या आठवडाभरात पडवीत एकही माणूस जेवला नव्हता. बंदरावरच्या बायका तिच्याशी तोंडावर गोड बोलत होत्या आणि मागे म्हणत होत्या, 'गिरपीण पट्ट्यो बदलता.' तिने तेहतीस वर्षं हाताला चव म्हणून मिळवलेलं नाव त्या एका वाक्यात गेलं होतं. 'निश्चित निष्कर्ष काढता येत नाही' असा कागद दाखवून ते परत मिळालं नसतं.

मी दोन दिवस मागून घेतले. निवेदिताबाईंचा मुद्दा चुकीचा नव्हता, हीच अडचण होती. मी कागदावर दोन्ही बाजू मांडल्या. एकीकडे देशभरातली माहीत नसलेली माणसं, जी पट्टीमुळे वाचणार होती. दुसरीकडे देशभरातलीच माहीत नसलेली माणसं, जी आंबट लावलेल्या डब्यावरची निळी पट्टी बघून निर्धास्त जेवणार होती. सूचनापत्रक कोण वाचतं? वहिनीने तर पत्रक छापायच्या आधीच विचारलं होतं, आणि ज्याने उत्तर द्यायचं त्याने न तपासता 'चालात' म्हटलं होतं. या दोन बाजूंची बेरीज मला जमली नाही. शेवटी ठरलं ते बेरजेवर नाही. ठरलं ते यावर, की खोट्या संशयाची सुरुवात माझ्या तोंडून झाली होती.

मी अहवाल पूर्ण लिहिला. पट्टी कुठे चालते, कुठे चालत नाही, का चालत नाही. शेवटच्या परिच्छेदात लिहिलं की संबंधित खानावळचालिकेने ही शंका वापरापूर्वीच उपस्थित केली होती आणि पट्टीच्या संशोधकाने ती न तपासता फेटाळली. खाली सही केली. कुलकर्णीनेही केली. निवेदिताबाईंनी वाचून पाठवून दिला आणि माझ्याशी महिनाभर कामापुरतं बोलल्या.

सुनावणी जिल्ह्याच्या ठिकाणी, ओरोसला झाली. खोलीत अधिकारी, दोन वकील, निरीक्षक परुळेकर, आणि कोपऱ्यातल्या खुर्चीत निळ्या इरकली साडीतली वहिनी. तिने माझ्याकडे बघितलं नाही.

मी दोन डबे मांडले. दोन्हींत आगळ लावलेला बांगडा, एकात त्या सकाळचा ताजा, दुसऱ्यात मुद्दाम उन्हात ठेवलेला. दोन्ही पट्ट्या निळ्या. मग अल्कलीची बाटली काढायला पिशवीत हात घातला आणि लक्षात आलं, बाटली पुण्यात राहिली होती. परुळेकर तंबाखू खातात हे मात्र मी सकाळीच व्हरांड्यात बघितलं होतं.

"साहेब, तुमची चुन्याची डबी मिळेल?"

खोलीत हशा पिकला. परुळेकरांनी ओशाळून खिशातून डबी काढली. चुनाही अल्कलीच. मी दोन्ही माशांना बोटभर चुना फासला आणि झाकणं लावली. एक मिनिट झालं. ताज्यावरची पट्टी निळीच राहिली. दुसरीच्या कडेला पिवळा ठिपका उमटला आणि बघता बघता सगळीभर पसरला.

परुळेकर खुर्चीतून उठून डब्यापाशी आले. "म्हणजे बाईंनी बदलली नव्हती."

"नव्हती."

अधिकाऱ्यांनी वहिनीला विचारलं, तुम्हाला काही सांगायचंय का. ती उभी राहिली. "माका फक्त तेवीस माणसांची माफी मागूची हा," ती म्हणाली. "माझ्या ओठाक कळला असता. मी ओठ लावचो सोडलंय. ती चूक माझी."

का सोडलं, ते तिने सांगितलं नाही. सांगितलं असतं तर मला बरं वाटलं असतं.

पुढचं निवेदिताबाई म्हणाल्या तसंच झालं. न्यायालयाने स्वयंपाकघरांचा कायदा स्थगित केला. पट्ट्या शीतगृहांत आणि मासळी बांधणीच्या कारखान्यांत राहिल्या, जिथे मासा नुसता असतो. विषबाधांचा घटलेला आकडा पुढच्या वर्षी अकरा टक्क्यांनी परत वर गेला. तो दर महिन्याला जाहीर होतो आणि मी तो दर महिन्याला वाचतो. चुन्याची पूड भरलेली, माशाला टेकवायची नवी पट्टी आम्ही बनवतोय. या वेळी तिच्या चाचण्या आठ राज्यांतल्या स्वयंपाकघरांत, तिथल्या बायकांच्या पद्धतीने होणार आहेत, आणि कुठलाही प्रश्न आला तरी तो आधी तपासायचा आणि मग उत्तर द्यायचं असा नियम मी भिंतीवर लावला आहे.

सुनावणीनंतर दीड महिना वहिनी फोनवर माझ्याशी भावजी म्हणूनच बोलत होती. अहो, तुमी, बरा हा, ठेवतंय. मला तो मान सहन होईना. मेअखेर, पावसाळ्यासाठी मासेमारी बंद व्हायच्या आदल्या रविवारी, मी न कळवता वेंगुर्ल्याला गेलो.

पडवी भरलेली होती. पणजीच्या दोन गाड्या बाहेर उभ्या होत्या. पायरीवर बसून वहिनी मासेवालीच्या टोपलीतले बांगडे निवडत होती, आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या देखत एकेका माशाचा कण ओठाला लावत होती. दोन गिऱ्हाइकं उभी राहून कौतुकाने बघत होती. एकाने तर फोनवर चित्रण चालवलं होतं.

मला बघून ती उठली. "येवा, भावजी. बसा."

मी कोपऱ्यातल्या टेबलाशी बसलो. तासाभराने ताट आलं. भात, सोलकढी, बांगड्याचं तिखलं, एक तळलेला बांगडा. आणि ताटाच्या काठाला, मिठाच्या शेजारी, एक पट्टी चिकटवलेली. मी आजूबाजूला बघितलं. बाकी कोणाच्याही ताटाला पट्टी नव्हती.

वहिनी टेबलाशी उभी होती. "उरलेली एक होती घरात. तुमच्या ताटाक लावलंय. तिच्याशिवाय तुमचो इस्वास नाय मा."

पट्टी निळी होती. तिखल्यात आगळ, बांगड्याला आगळ. ताटात काहीही असतं तरी ती निळीच राहिली असती, आणि हे आम्हा दोघांनाही पक्कं माहीत होतं.

"वहिनी, मी तुका विचारलंय ता चुकीचा होता," मी म्हणालो. "आधी माशाक विचारूक होया होता. तुका विचारूचाच नाय होता."

तिने सोलकढीची वाटी माझ्याकडे सरकवली.

मी पट्टी सोलून काढली, न बघता चुरगळून खिशात टाकली आणि बांगड्याचा मोठा तुकडा मोडून तोंडात घातला. वहिनी बघत राहिली. मी दुसरा घास घेतला. डोळ्यांतलं पाणी तिखटाने आलं असं सांगायची सोय होती.

"काटो बघ," ती म्हणाली. "लहानपणापासून बघणस नाय, गिळतंस." मग तिने पदराने टेबलावर सांडलेली सोलकढी पुसली आणि आणखी एक बांगडा ताटात टाकला. "जेव मरे, मुकुंदा. थंड होता."